कलावतीची साडी आणि इकरामभाईंचा धूर

अट सोनलनं घातली होती, तीही हसत हसत. मिलिंद रोकड्यांनी मात्र ती हसण्यावारी नेली नाही. निवृत्त माणसाला कुणी गमतीनं काही सांगितलं तरी तो ते मनावर घेतो, कारण मनावर घ्यायला त्याच्याकडे भरपूर वेळ असतो.

झालं असं की सोनलला पाचवा महिना लागला आणि पहिलं बाळंतपण माहेरी या हिशेबानं रोकड्यांच्या घरात धावपळ सुरू झाली. कलावतीबाईंनी डिंक कुठून आणायचा, अळीव कुणाकडचे घ्यायचे इथपर्यंत सगळं ठरवून टाकलं. रोकड्यांनी सोनलची खोली पिवळ्या रंगानं रंगवून घेतली, तिथला जुना पंखा बदलला आणि खिडकीला जाळी बसवली. मग एका रविवारी नाशिकहून सोनलचा फोन आला. "बाबा, डॉक्टर नको म्हणतायत. भिवंडीत आले की दोन तासांत मला धाप लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता तर दोघांचा श्वास आहे."

ठाऊक होतंच. लग्न झाल्यापासून ती सकाळी यायची, आईच्या हातचं जेवायची आणि दुपारच्या चहाला नाकाला ओढणी लावून परत निघायची. एक रात्र काही ती माहेरी राहिली नव्हती. दर वेळी रोकडे तिला गाडीत बसवायला जायचे. सगळी हयात त्यांनी एसटीच्या भिवंडी आगारात कंट्रोलर म्हणून लोकांना गाड्यांत बसवून लांब पाठवण्यात घालवली होती, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. नाशिकची गाडी सुटली की मात्र हल्ली ते रिकाम्या फलाटावर उगाच उभे राहत. तिथले नवे कंट्रोलर त्यांना "साहेब, कुठं जायचंय?" असं विचारत, तेव्हा त्यांना फार अपमान वाटे.

त्या फोनवर शेवटी सोनलच म्हणाली, "बरं, असं करू. आईची पौर्णिमेची साडी गच्चीवर दिवसभर वाळत घाला. संध्याकाळी पांढरीच राहिली, तर येते मी. डॉक्टरांना मी बघते."

ही साडी म्हणजे कलावतीबाईंचा जीव. वैशाख पौर्णिमेला विहारात जाताना नेसायची, पांढरीशुभ्र, बारीक निळ्या काठाची. ती कित्येक वर्षं गच्ची पाहू शकली नव्हती. घरातच, दोन खुर्च्यांच्या पाठींवर पसरून, पंख्याखाली वाळायची. कारण त्यांच्या सुजाता अपार्टमेंटच्या अगदी मागे इकरामभाईंचं सायझिंग होतं. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जाण्याआधी सुताला तिथं खळ देतात, खळ शिजवायला बॉयलर लागतो आणि बॉयलरला रोज काहीतरी खायला लागतं. लाकूड महाग, म्हणून इकरामभाई त्याला चिंदी खाऊ घालत. आसपासच्या लूमवर कापडाच्या कडा कापून निघणारी, सुती, नायलॉन, पॉलिस्टर, सगळी एकत्र. त्या धुरातून तेलकट काळे ठिपके खाली उतरत आणि गच्चीवर जे असेल त्यावर बसत. सुजाता अपार्टमेंटमध्ये पापड घरात वाळत, गाद्या घरात वाळत, आणि पांढरा शर्ट घेणारा माणूस बाहेरगावचा समजला जाई.

रोकडे दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचे कपडे घालून इकरामभाईंकडे गेले. इकरामभाई भला माणूस. त्यांनी चहा मागवला, सोनलची चौकशी केली, ती लहानपणी या दारातून शाळेत जायची याची आठवण काढली. मग म्हणाले, "रोकडेसाब, मैं क्या शौक से जलाता हूँ? चिंदी का करूं क्या? लूमवाले इधर डाल के जातात. आप ले जाओ, मैं नहीं जलाऊंगा. लकडी का मैं देखूंगा. जबान दिली."

शहाण्या माणसानं इथं विचार करायला चहाचा दुसरा कप मागवला असता. रोकडे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "दिली? मग घेऊन जातो."

संध्याकाळपर्यंत सुजाता अपार्टमेंटच्या जिन्याखाली चिंदीची पोती आली. रोकड्यांचा अंदाज होता, चार-पाच असतील. जिना दिसेनासा झाल्यावर त्यांनी अंदाज करणं सोडलं. पण खरी गंमत पुढेच होती. भिवंडीत कुणी माणूस आपणहून चिंदी उचलतो म्हटल्यावर त्याचा एकच अर्थ होतो: याला धंदा सापडलाय. गल्लीतल्या सगळ्या कारखान्यांत बातमी गेली की रिटायर झालेल्या कंट्रोलरसाहेबांनी चिंदीचं काम सुरू केलंय. दुसऱ्या दिवसापासून हातगाड्या थेट दारात येऊ लागल्या. "चिंदीवाले अंकल कहाँ रहते?" असं विचारत एक हमाल पहिल्या मजल्यावर चढला आणि त्यानं बेल दाबली. दार कलावतीबाईंनी उघडलं. नवऱ्याचं हे नवं नाव त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आत येऊन म्हणाल्या, "अहो, चिंदीवाले अंकल, तुम्हाला कुणी भेटायला आलंय."

रोकड्यांना ते लागलं. ज्या माणसानं माइकवर नुसता घसा खाकरला तरी फलाटावरचे प्रवासी आपापल्या पिशव्या उचलत, त्याला हमालानं अंकल म्हणावं, आणि तेही चिंदीवाले. पण अपमानाकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. ते रोज सकाळी साडी घेऊन गच्चीवर जात, दोरीवर पसरत, चिमटे लावत आणि संध्याकाळी चष्मा लावून तिच्यावरून इंच इंच नजर फिरवत. ठिपके होतेच. आधीच्या दिवसांत जळालेल्याची काजळी अजून उडत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मग एका संध्याकाळी साडीवर काही दिसेना. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली, काठ तपासले. काही नाही. पांढरीशुभ्र.

 जिना उतरण्याचाही धीर न राहून त्यांनी गच्चीवरूनच फोन लावला. "सोनल! पांढरी आहे! एक ठिपका नाही! तू तयारी कर, मी गाडी घेऊन येतो!"

 पलीकडून सोनल हळूच म्हणाली, "बाबा, आज वार कोणता?"

शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद, सायझिंग बंद, बॉयलर थंड. गल्लीतल्या मांजरांनाही हे माहीत असतं. ज्यांनी सगळी नोकरी वारांच्या वेळापत्रकावर काढली, शुक्रवारी नमाजाच्या वेळी वळवायच्या गाड्या ज्यांना झोपेतही पाठ असत, त्या मिलिंद रोकड्यांना तेवढं एक आठवलं नव्हतं. लेक घरी येणार या विचारानं माणूस इतका आंधळा होतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. सोनल हसली नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

शनिवारी बॉयलर पेटला आणि धूर तसाच काळा निघाला. रोकडे तावातावानं गेले, तर इकरामभाई हात जोडून म्हणाले, "लकडी आलीच नाही साब. बॉयलर थंडा ठेवला तर सूत पडून राहतो. थोडी चिंदी टाकावी लागते." म्हणजे पंचाईत दुहेरी होती. चिंदी नेली तरी बॉयलरचं पोट रिकामंच, आणि रिकामं पोट मिळेल ते खातं.

इकडे जिन्याखालच्या पोत्यांनी आपला रंग दाखवायला सुरुवात केली होती. तळमजल्यावरचे दामूअण्णा म्हणजे सोसायटीचे सल्लागार, कुणी नेमलेले नाहीत, आपले आपण झालेले. अंजूरची जमीन गोदामवाल्याला देऊन ते इथं राहायला आले होते आणि सकाळपासून त्यांना सल्ला देण्याखेरीज दुसरं काम नसे. "रोकडे, मी सांगतो आयक. ही पोती खाडीत न्हेऊन टाक. कोन बघतंय?" रोकड्यांनी सांगितलं, धूर नको म्हणून खाडीत घाण घालायची, हे कसलं शहाणपण? "मंग जमिनीत पूर." कुणाच्या जमिनीत? "तेच तर हाय ना. माझी तर गेली गोदामात." एवढं बोलून दामूअण्णा उदास झाले आणि बराच वेळ आपल्या विकलेल्या भातशेताबद्दल बोलत राहिले. तिथल्या बांधावर पावसाळ्यात खेकडे मिळत. रोकड्यांनी ते ऐकून घेतलं. आपली वस्तू परत मिळणार नाही हे कळलेल्या माणसाला ऐकणारा लागतो, एवढं त्यांना हल्ली समजू लागलं होतं.

सल्ला वाया गेला म्हणून असेल किंवा जिन्यात पाय अडकला म्हणून असेल, दोनच दिवसांत सोसायटीतल्या कुणीतरी तक्रार केली आणि प्रभाग कार्यालयाची नोटीस आली. विनापरवाना कचरा साठवून आगीचा धोका निर्माण केल्याबद्दल. प्रदूषण थांबवायला निघालेल्या माणसावर ही पहिली सरकारी कारवाई. रोकडे इस्त्रीचे कपडे घालून प्रभाग कार्यालयात गेले. आरोग्य विभागातल्या बाईंनी विचारलं, "हा कचरा आहे की माल? कचरा असेल तर आमच्याकडे. माल असेल तर परवाना विभागाकडे." परवाना विभागातल्या गृहस्थांनी विचारलं, "विकता का? नाही? मग तो माल कसा? आरोग्यात जा." रोकडे दोन्ही मजल्यांच्या मधल्या जिन्यात इतक्या वेळा चढले-उतरले की शिपायानं त्यांना आपल्यापैकी समजून एक फाइल वर न्यायला दिली. त्यांनी ती नेली. नाही म्हणायची ताकद उरली नव्हती.

शेवटी परवानावाल्या गृहस्थांना दया आली. ते चष्मा काढून म्हणाले, "काका, साधी गोष्ट आहे. चिंदी तुमच्या दारात पडून आहे तोवर कचरा. ज्याला ती पाहिजे त्याच्या दारात गेली की माल. तुम्ही तिला दार शोधा."

हे वाक्य रोकड्यांनी घरी येईपर्यंत तोंडात घोळवलं. दार कुठलं? दार दामूअण्णांकडून निघालं, हे त्यांचं त्यांनाही पटेना. अण्णांचा पुतण्या कल्पेश जवळच्या वडपे गावातल्या एका गोदामात सुपरवायझर होता. कपबशा, काचेची भांडी खोक्यांत भरून पुढं पाठवायचं काम. त्यात घालायच्या थर्माकोलवरून मालकाची आणि त्याची रोज कटकट चाललेली. "त्याला मऊ कायतरी पायजे," दामूअण्णा म्हणाले, "आनी तुज्या जिन्याखाली मऊच मऊ हाय."

कल्पेशनं एक पोतं घेऊन बघितलं आणि दुसऱ्याच आठवड्यात उरलेलं परत केलं. कपबशा शाबूत पोचल्या होत्या, पण चिंदीतून एक लोखंडी नळी, अर्धा डबा बिर्याणी आणि कुणाची तरी चप्पल निघाली होती. कपबशीबरोबर चप्पल मिळालेल्या गिऱ्हाइकानं फोटो काढून पाठवला. "काका, साफ करून देणार असाल तर द्या," कल्पेश म्हणाला. "आणि धागे सुटता कामा नयेत."

आता कलावतीबाई पुढं आल्या. इतके दिवस त्या लांबून मजा पाहत होत्या, पण सोनलचा सातवा सरत आला होता आणि पिवळ्या खोलीचं दार रोज सकाळी उघडून संध्याकाळी बंद करण्याचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांनी विहारातल्या चार बायका जमवल्या आणि गच्चीवर चिंदी निवडणं सुरू झालं. सुती एकीकडे, बाकीची दुसरीकडे, झटकायची, जुन्या चादरींच्या उशांत भरायची, तोंड शिवायचं. खोक्यात घालायच्या उशा तयार. काम छान चाललं. फक्त झटकताना जो भुसा उडाला तो वाऱ्याबरोबर सगळ्या इमारतीच्या खिडक्यांतून आत शिरला. दामूअण्णांच्या आमटीत गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या निशाबाईंच्या केसांत गेला. सोसायटीच्या बैठकीत ठराव झाला की या इमारतीला प्रदूषणाचा सर्वांत मोठा त्रास मिलिंद रोकडे यांच्यापासून आहे. रोकडे उभे राहिले, त्यांना बरंच काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात त्यांना शिंक आली आणि शिंकांनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. त्या दिवसापासून चिंदी ओलसर करून झटकायचं ठरलं.

कल्पेशचा टेम्पो आता दोन दिवसांआड येऊन उशा भरून वडप्याला जायला लागला. आणि इथं रोकड्यांच्या आतला कंट्रोलर जागा झाला. एक दिवस टेम्पो रिकामा खडखडत येताना त्यांनी पाहिला. रिकामी फेरी! आगारात असताना रिकामी गाडी परत आली की त्यांना जेवण जात नसे. ते तडक टेम्पोत बसून वडप्याला गेले आणि गोदामाच्या मागच्या अंगाला त्यांना दिसली माल रचायच्या लाकडी पॅलेटची रास. मोडलेली, फुटलेली. कुणी नेत नाही म्हणून तिथंच जाळून टाकायची.

"हे लाकूड आहे?" रोकड्यांनी विचारलं.

"लाकूडच आहे काका."

"टेम्पो रिकामा येतो?"

"रिकामाच."

रोकड्यांनी डोळे मिटले. जातो भरून, येतो भरून. नोकरीत इतकी सुंदर फेरी त्यांना कधी लावता आली नव्हती.

इकरामभाईंना लाकूड मिळालं. फक्त पॅलेटला खिळे असतात, ही गोष्ट सगळ्यांना उशिरा कळली. गल्लीतल्या प्रत्येक स्कूटरला कळली, आणि दामूअण्णांच्या स्कूटरला एकाच आठवड्यात दोनदा. रोकडे काही दिवस हातात लोहचुंबक बांधलेली काठी घेऊन रस्ता झाडत फिरले. चिंदीवाले अंकल आता खिळेवाले अंकल झाले. पण चिमणीतून निघणारा धूर बदलला होता. काळा होता तो करडा झाला, आणि दुपारनंतर तर आरपार दिसू लागला. इकरामभाई स्वतः रस्त्यावर उभे राहून वर बघत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "देखा? हमारा है."

मग एका सोमवारी, वार तीन वेळा तपासून, रोकड्यांनी संध्याकाळी साडी काढली. अंग सगळं पांढरं होतं. पदरावर मात्र बारीक ठिपके होते. रोकड्यांनी इकडेतिकडे पाहिलं, साडी मोरीत नेली आणि साबणाची वडी घेऊन पदर चोळायला बसले. कलावतीबाई दारात कधी आल्या ते त्यांना कळलं नाही.  त्यांनी फक्त नळ बंद केला.

व्हिडिओ कॉलवर रोकड्यांनी साडी अशी धरली की पदर मागं राहील. सोनलनं नीट पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, पदर दाखवा."

त्यांनी पदर दाखवला. पलीकडं सोनलचे डोळे भरून आलेले त्यांना दिसले. "खूप कमी झालंय हो बाबा. खरंच. पण मी आता प्रवास नाही करू शकत. आईला इकडं पाठवा ना. आणि तुम्हीही या."

कलावतीबाई डिंक, अळीव आणि जिच्यावर बोट ठेवावं असं काही नव्हतं त्या सुती चिंदीची शिवलेली मऊ गोधडी घेऊन नाशिकला गेल्या. नात झाली. रोकडे गेले, नातीला मांडीवर घेतलं, एक रात्र राहिले आणि आले. आल्यावर पाहतात तो दोरीवरची साडी काळी. त्या एका दिवशी टेम्पो आला नव्हता, पॅलेट आली नव्हती, कुणाला फोन करायचा हे कुणाला माहीत नव्हतं, आणि बॉयलरला जवळ होतं ते घातलं. इकरामभाई मान खाली घालून उभे होते. रोकडे त्यांच्यावर रागावले नाहीत. त्यांना फक्त कळलं की आपण अडकलो. लेकीला घरी आणता यावं म्हणून जे लावलं, ते सोडून लेकीकडे जाता येत नव्हतं.

मग ते एकटेच राहिले. स्वतः भात लावायचा, टेम्पोला फोन करायचा, गल्लीतले खिळे वेचायचे. साडी धुवून रोज गच्चीवर घालायची. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुपारी पिवळ्या खोलीत खुर्ची टाकून बसायचं. नवा पंखा आवाज करत नसे, याचंही त्यांना वाईट वाटे. नातीचं हसणं फोनवर बघून झालं की फोनची काच पुसून ठेवत. सोनलची इतकी आठवण येई की तिची शाळेची पाटी सापडली तरी ते ती पालथी ठेवत. आणि दामूअण्णा संध्याकाळी येऊन, काही सल्ला न देता, नुसते शेजारी बसत.

असाच एक मंगळवार होता. दारात रिक्षा थांबली. रोकड्यांना वाटलं हातगाडी. उतरली सोनल, मागून कलावतीबाई, आणि गोधडीत गुंडाळलेली नात. कुणी कळवलं नव्हतं. सोनल वर आली ती घरात न बसता थेट गच्चीवर गेली, पिशवीतून बाळाचं पांढरं दुपटं काढलं, ओलं करून पिळलं आणि साडीशेजारी दोरीवर घातलं. "संध्याकाळी बघू," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी रोकडे जेवले नाहीत. ते दुपट्याखाली स्टूल टाकून बसले. मध्येच कठड्याशी जाऊन चिमणीकडे पाहत. खाली इकरामभाई बॉयलरवाल्याला सांगत होते, "आज अच्छी सूखी लकडी डालना, उनकी बेटी आई है." दामूअण्णा वारा कुठला आहे ते बोट ओलं करून पाहत होते. निशाबाईंनी त्या दिवशी फोडणीसुद्धा दिली नाही म्हणतात. ते खोटं असेल.

ऊन उतरल्यावर रोकड्यांनी दुपटं काढलं. दोन्ही हातांनी धरून जिना उतरले. एका कोपऱ्यावर त्यांची मूठ घट्ट मिटलेली होती. सोनल पिवळ्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती; सकाळपासून तिनं नाकाला ओढणी लावली नव्हती. तिनं हात पुढं केला.

"मूठ सोडा, बाबा."

रोकड्यांनी मूठ सोडली. कोपऱ्यावर एक ठिपका होता. मोहरीएवढा, काळा, पण कोरडा.  इतक्या लोकांनी इतकं केलं आणि हा एवढासा कुठून आला?

सोनलनं ठिपका पाहिला. नखानं तो उडवला. दुपटं झटकलं, नाकाशी धरून उन्हाचा वास घेतला आणि बाळाला त्यात गुंडाळलं. बाळ जांभई देऊन झोपलं.

"आई," ती स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, "रात्रीला पिठलं कर. आम्ही आज राहतोय."